खाट आणि सतरंजी: ऑटिझमचं निदान, थेरपी आणि आरोग्य विमा

माझ्या मुलाची पहिली थेरपी सतरंजीवर झाली. लहानशी खोली, कोपऱ्यात मोठा चेंडू, छताला टांगलेला कापडी झोका आणि परातीत पसरलेला राजमा. थेरपिस्ट ताईंनी त्या राजम्यात प्लॅस्टिकची गाय लपवली होती आणि त्याचा हात धरून ती शोधायला लावत होत्या. त्याचं लक्ष पंख्याकडे. चाळीस मिनिटांत एकदाच त्याची बोटं गाईला लागली, त्याने ती बाहेर काढली आणि लगेच परत आत खुपसली. बाहेर आल्यावर सहाशे रुपयांची पावती हातात आली. मी विचारलं, "हे मेडिक्लेममध्ये बसेल ना?" ताई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "आपल्याकडे विमा खाटेचा असतो. इथे खाट कुठेय?"

गेल्या आठ वर्षांत मी पॉलिसीची पुस्तकं वाचली, सरकारी कार्यालयांच्या पायऱ्या झिजवल्या, पालकांच्या गटात कितीतरी जणांच्या फायली लावून दिल्या. त्या सगळ्याचं मूळ ताईंच्या त्या वाक्यात होतं. ते नीट उलगडून सांगायचा हा प्रयत्न आहे. सुरुवात मात्र निदानापासून करावी लागेल, कारण पुढची प्रत्येक खिडकी आधी तोच कागद मागते.

निदान कसं होतं

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. बोलताना बहुतेक घरांत ऑटिझमच म्हटलं जातं, म्हणून मीही तेच वापरते. ही मेंदूच्या वाढीची वेगळी तऱ्हा आहे, जन्मापासूनची. ती दाखवणारी रक्ताची तपासणी नाही आणि एमआरआयमध्येही ती दिसत नाही. डॉक्टर मुलाला बघतात, त्याच्याशी खेळतात आणि आईवडिलांना तासभर प्रश्न विचारतात. नावाने हाक मारली तर वळतो का? हवी ती वस्तू बोटाने दाखवतो, की तुमचा हात धरून तिथपर्यंत नेतो? आकाशात विमान दिसलं तर 'ते बघ' अशा नजरेने तुमच्याकडे बघतो का? गाडी जमिनीवर चालवतो, की उलटी करून तासन् तास चाक फिरवत बसतो?

जगभर वापरली जाणारी अमेरिकन मनोविकार संघटनेची नियमावली २०१३ मध्ये बदलली. तेव्हापासून अस्पर्गर वगैरे वेगळी नावं जाऊन सगळं 'ऑटिझम स्पेक्ट्रम' या एका छत्राखाली आलं. त्यात बघायच्या गोष्टींचे गट दोनच: लोकांशी संवाद साधण्यातल्या अडचणी, आणि तेच ते करत राहण्याची ओढ. आवाज, स्पर्श, उजेड खूप जास्त किंवा खूप कमी जाणवणं हे दुसऱ्या गटात येतं. कुकरच्या शिट्टीला कान झाकून पलंगाखाली शिरणारं मूल हट्टी नसतं, त्याला ती शिट्टी खरोखरच सोसत नाही.

मूल १६ ते ३० महिन्यांचं असेल तर बालरोगतज्ज्ञ एम-चॅट नावाची २० प्रश्नांची चाचणी भरून घेऊ शकतात. ती चाळणी आहे, निदान नव्हे. तिच्यात शंका आली की पुढे पाठवलं जातं: मुलांच्या विकासातले तज्ज्ञ डॉक्टर, बालमनोविकारतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडे. त्याआधी कानाची बेरा तपासणी करून घेतात. हाकेला ओ न देणाऱ्या मुलाला ऐकूच येत नसेल, तर वाट वेगळी असते.

याच टप्प्यावर घरातल्यांचा सल्ला आडवा येतो. "त्याचे बाबाही तीन वर्षांनी बोलले." "एकटाच आहे ना घरात, शाळेत जाऊ लागला की सुधारेल." बोलणारे मायेनेच बोलतात. पण त्या मायेत आमचं सव्वा वर्ष गेलं आणि ते मला आजही सलतं. लहानपणीची वर्षं थेरपीसाठी फार मोलाची असतात. म्हणून निदानाचा शिक्का बसायची वाट बघू नका. बोलणं किंवा वागणं मागे पडतंय एवढं दिसलं तरी थेरपी सुरू करता येते. तीही फुकट मिळण्याची एक जागा आहे: जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, म्हणजे अंगणवाडीत आणि शाळेत तपासायला येणाऱ्या त्या डॉक्टरांच्या पथकाच्या कार्यक्रमात, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे विकासातले अडथळे शोधणं आणि त्यावर उपचार करणं येतं. ऑटिझमही त्यात आहे. मोठ्या सरकारी रुग्णालयांत 'डीईआयसी कुठे आहे' असं विचारा, त्याच नावाने ते ओळखलं जातं.

आणि आयांनो, कुणी "तू नोकरी केलीस म्हणून" म्हणालं तर ते मनावर घेऊ नका. गेल्या शतकात परदेशातले डॉक्टरसुद्धा आईच्या कोरडेपणामुळे ऑटिझम होतो असं मानत होते. तो समज केव्हाच खोटा ठरला. लसीमुळे होतो, हाही.

एक निदान, दोन कागद

इथे जवळजवळ प्रत्येक घर चुकतं. डॉक्टरांनी दिलेला निदानाचा रिपोर्ट वेगळा आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र वेगळं. रिपोर्ट सांगतो की मुलाला काय आहे आणि कोणती थेरपी हवी. शाळा, थेरपिस्ट आणि विमा कंपनी यांना तो लागतो. प्रमाणपत्र सांगतं की कायद्याच्या नजरेत दिव्यांगत्व किती टक्के आहे. सरकारी योजना आणि आयकर खात्याला ते लागतं. खाजगी दवाखान्याचा पंचवीस पानी रिपोर्ट असला तरी प्रमाणपत्राचं काम त्याने होत नाही.

१९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ दिव्यांगत्वांच्या यादीत त्याला पक्की जागा मिळाली. प्रमाणपत्रासाठी 'स्वावलंबन' या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करायचा, मग दिलेल्या तारखेला जिल्हा रुग्णालयात किंवा ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयात मुलाला घेऊन जायचं. तिथे 'आयसा' ही खास भारतासाठी तयार केलेली मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे असतात आणि प्रत्येकाला १ ते ५ गुण. एकूण ७० च्या खाली असेल तर ऑटिझम नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, त्यापुढे तीव्र. गुणांवरून टक्केवारी ठरते. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात.

आमच्या वेळी झालेली माझी चूक मी लपवणार नाही. डॉक्टर विचारत होते, "स्वतःच्या हाताने जेवतो का?" आणि मी अभिमानाने म्हणत होते, "हो, जेवतो की!" प्रत्यक्षात तो फक्त दहीभात, तोही एकाच वाटीतून आणि मी समोर बसले तरच खात होता. आईचं तोंड मुलाची बाजू घ्यायला आपसूक उघडतं. तिथे मुलाचा रोजचा, वाईटातला वाईट दिवसही सांगायला हवा. मोबाइलवर दोन-तीन व्हिडिओ घेऊन जा. बाजारात गोंधळलेला, झोपेविना रात्र काढलेला, तसा.

लहान वयात मिळणारं प्रमाणपत्र तात्पुरतं असतं. मुदत संपायची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण तारीख उलटली की त्यावर उभं असलेलं सगळं एकदम अडतं.

विमा नाकारतो कसा

आता मूळ प्रश्न. ऑटिझमचा दावा फेटाळला जातो तो दोन वेगळ्या कारणांनी, आणि आपण दोन्हींची गल्लत करतो.

पहिलं कारण म्हणजे 'हा आजार पॉलिसीत नाही'. पूर्वी हे सर्रास चालायचं. मानसिक, वर्तनाचे, वाढीचे विकार असं म्हणून कंपन्या कायमचं हात वर करायच्या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या २१ व्या कलमाने सांगितलं की मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने विमा द्या. सप्टेंबर २०१९ मध्ये विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, पॉलिसीतून काय वगळता येणार नाही याची यादीच दिली. तिच्यात मानसिक आजारांसोबत वर्तनाचे आणि मेंदूच्या वाढीचे विकार स्पष्ट लिहिलेले आहेत. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या एका गृहस्थांच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयाने विमा कंपन्यांना दिव्यांगांसाठी पॉलिसी आणायला लावल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये नियामकाने तसं परिपत्रक काढलं. तेव्हा आज कुणी 'ऑटिझम म्हणजे कायमचा बाद' एवढंच सांगत असेल, तर ते मुकाट्याने ऐकून घेऊ नका.

पण दुसरं कारण जागेवरच आहे. नेहमीची पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च देते. किमान २४ तासांची खाट, किंवा यादीतली डे-केअर प्रक्रिया, म्हणजे त्याच दिवशी घरी सोडतात तसे उपचार. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून दिली जाणारी), वर्तनाची थेरपी, विशेष शिक्षण हे सगळं बाह्यरुग्ण विभागात, म्हणजे ओपीडीत मोडतं. कायद्याने बरोबरी दिली, मान्य. पण सर्दी-तापाच्या ओपीडीचे पैसे जी पॉलिसी देत नाही, ती बरोबरीच्या नावाने थेरपीचेही देत नाही. पाच लाखांचा विमा कपाटात आणि महिन्याचे तेरा हजार खिशातून, असं आमचं चाललं ते यामुळे. आठवड्याला पाच सेशन, प्रत्येकी सहाशे. वर्षाला दीड लाखावर जातं. मुलं वर्षानुवर्षं थेरपी घेतात, हा खर्च एकदाच्या ऑपरेशनसारखा उरकत नाही.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे, वर्षाला पाच लाखांपर्यंत. तिचाही आधार दाखल होऊन घ्यायच्या उपचारांनाच आहे. सतरंजी तिथेही बाहेरच.

अमेरिकेतल्या नातेवाइकांचं ऐकून इथे भांडू नका, एवढं मात्र सांगते. माझी नणंद न्यू जर्सीत असते. "आमच्याकडे विमा देतो, तुम्ही मागत का नाही?" असं ती कळकळीने विचारायची. तिकडे एकेका राज्याने त्यासाठी कायदे केले. इंडियानाने २००१ मध्ये सुरुवात केली आणि सगळी पन्नास राज्यं पूर्ण व्हायला २०१९ उजाडलं. आपल्याकडे थेरपीचा खर्च द्यायला विमा कंपनीला भाग पाडणारा असा कायदा अजून नाही. तो व्हावा असं मला मनापासून वाटतं.

मग पैसे कुठून येतात

पहिलं नाव निरामयचं. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची ही विमा योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण. आधी तपासणी नाही, 'हा तर पूर्वीपासूनचा आजार' ही अट नाही, आणि मुख्य म्हणजे ओपीडी व थेरपी दोन्ही त्यात बसतात. नोंदणीला काही शे रुपये पुरतात. एवढं असूनही पालकांच्या गटात निम्म्यांनी तिचं नाव ऐकलेलं नसतं! मर्यादाही सांगते: एक लाख हा आकडा खात्याखात्यांत वाटलेला आहे, आणि थेरपीच्या वाट्याला त्यातला थोडाच येतो. शिवाय आधी आपण भरायचं, मग पावत्या लावून परत मागायचं. पॉलिसीचं वर्ष एप्रिल ते मार्च असतं, त्यामुळे ऑक्टोबरात नोंदणी केलीत तरी ती ३१ मार्चलाच संपते. राष्ट्रीय न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत अर्ज करणं सोपं जातं. आपल्या जिल्ह्यात विशेष मुलांची शाळा चालवणाऱ्या संस्था बहुधा हे काम करतात.

पावतीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण पैसे इथेच अडकतात. नुसतं 'थेरपी फी, रु. २४००' लिहिलेला चिठोरा चालत नाही. मुलाचं पूर्ण नाव, प्रत्येक सेशनची तारीख, थेरपीचा प्रकार, सही-शिक्का आणि थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक हवा. स्पीच थेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. महाराष्ट्रातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी राज्याच्या व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेकडे असते. सोबत डॉक्टरांची 'आठवड्यातून इतकी सेशन, इतके महिने' अशी लेखी चिठ्ठी जोडा. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता. पण दोन महिन्यांच्या सर्टिफिकेट कोर्सवर सेंटर उघडणारेही आहेत, तेव्हा मुलासाठीही तो प्रश्न विचारायलाच हवा.

दुसरी जागा नोकरीतला ग्रुप मेडिक्लेम. त्यात बहुतेकदा पूर्वीच्या आजारांना थांबण्याचा काळ नसतो, आणि कंपनीला हवं असेल तर ओपीडी किंवा थेरपीचं कलम घालून घेता येतं. नूतनीकरणाच्या दोन-तीन महिने आधी एचआरशी बोला, नंतर वर्षभर काही होत नाही. एकटीने मागण्यापेक्षा त्याच ऑफिसातले तीन पालक मिळून गेले की फरक पडतो. केंद्र सरकारी नोकरीत असाल तर सीजीएचएसमध्ये, म्हणजे त्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत, थेरपीचा खर्च ठरावीक दराने परत मिळण्याची सोय आहे, आपल्या वेलनेस सेंटरमध्ये विचारा. ऑटिझमसाठी खास पॉलिसीही बाजारात आली आहे. ती घेताना थेरपीला दर वर्षी किती मिळणार आणि किती महिने थांबावं लागणार, हे दोनच आकडे आधी बघा.

तिसरी जागा आयकर. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ८०डीडीप्रमाणे अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठी ७५,००० रुपयांची, आणि ८० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. प्रत्यक्ष खर्च किती झाला याचा हिशेब मागत नाहीत. ऑटिझमसाठी ठरावीक फॉर्म (१९६१ च्या कायद्याखाली १०-आयए) डॉक्टरांकडून भरून घ्यावा लागतो. ही वजावट जुन्या करपद्धतीतच आहे, नव्या पद्धतीत नाही, म्हणून दोन्हीकडे कर काढून बघा. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, तेव्हा सीएशी बोलताना फक्त क्रमांकावर जाऊ नका.

फॉर्ममध्ये खरं लिहा

घराच्या फ्लोटर पॉलिसीत, म्हणजे सगळ्या कुटुंबाच्या एकत्र विम्यात, मुलाचं नाव घालताना आमच्या एजंटने सांगितलं होतं, "मॅडम, ऑटिझम लिहू नका, उगाच प्रीमियम वाढेल." तो भला माणूस होता, त्याला खरंच आमची सोय बघायची होती. आम्ही लिहिलं. ओळखीतल्या एका कुटुंबाने लिहिलं नाही. त्यांच्या मुलीला जुलाब होऊन दोन दिवस सलाइन लावावं लागलं. डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी सवयीने 'ऑटिझमची जुनी केस' लिहिलं आणि दावा 'माहिती लपवली' म्हणून फेटाळला गेला. जुलाबाचा आणि ऑटिझमचा काही संबंध नसताना!

लिहिल्यावर काय होतं? पूर्वीच्या आजारासाठी थांबायला लागणारा काळ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त तीन वर्षांचा केला आहे, आधी तो चार वर्षांचा असायचा. पॉलिसी सलग पाच वर्षं चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय कंपनीला 'सांगितलं नव्हतं' या कारणाने दावा नाकारता येत नाही. वाट बघायला लागते, पण पाया पक्का राहतो. ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना फिट्स येतात, आणि तेव्हा हीच खाटेची पॉलिसी खरोखर कामाला येते.

मूल दाखल झालं की डिस्चार्ज कार्ड घरी नेण्याआधी वाचा. कशासाठी दाखल केलं ते वर, ठळक आणि आधी असावं: जुलाब, न्यूमोनिया, फिट्स, जे खरं असेल ते. ऑटिझमचा उल्लेख इतिहासात असू दे, तो लपवायचा नाही. पण दाखल होण्याचं कारण म्हणून तो वर आला, की पुढे महिनाभर पत्रव्यवहार तुमच्या मागे लागतो.

नाकारलं तर

आधी लेखी कारण मागा, पॉलिसीच्या नेमक्या कलमासह. फोनवरचं 'होत नाही' म्हणजे उत्तर नव्हे. २०२४ च्या नियमांप्रमाणे दावा फेटाळायचा निर्णय कंपनीच्या समितीकडून मंजूर व्हावा लागतो, एका माणसाच्या टेबलावर तो संपत नाही. पत्र हातात आलं की ते दोन कारणांपैकी कोणतं आहे ते बघा. 'ओपीडी खर्च' असेल आणि पॉलिसीत खरंच ओपीडी नसेल, तर ती लढाई जिंकणं अवघड आहे, शक्ती वाचवा. 'वाढीचा विकार वगळलेला आहे' असं असेल, तर २०१९ ची ती यादी दाखवून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. 'जन्मजात' हा शब्द आला तरी गप्प बसू नका, शरीराच्या आतले जन्मजात दोष सरसकट वगळायलाही त्याच यादीने मनाई केली आहे.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर तक्रार नोंदवता येते, आणि विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालाकडेही जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला लोकपालाची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षभराच्या आत जायला हवं.

माझ्याकडे एक निळी फाइल आहे. पहिल्या कप्प्यात निदानाचा रिपोर्ट आणि बेरा. दुसऱ्यात प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डाच्या, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राच्या, चार झेरॉक्स. तिसऱ्यात महिन्यावार पावत्या, प्रत्येक महिन्याला डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत टाचलेली. चौथा कप्पा मी गेल्या वर्षी सुरू केला, १८ वर्षांनंतरच्या पालकत्वाच्या कागदांसाठी. मूल सज्ञान झाल्यावर त्याच्या वतीने सही करायला आईवडिलांनाही राष्ट्रीय न्यासाच्या स्थानिक समितीकडून, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून, कायदेशीर पालक म्हणून नेमणूक घ्यावी लागते. आमचा अकरा वर्षांचा आहे, वेळ आहे अजून. मागच्या मार्चमध्ये निरामयचं नूतनीकरण करताना तो शेजारी बसून पावत्या तारखेप्रमाणे लावत होता. एक पावती चुकीच्या महिन्यात गेली होती. ती त्याने काढली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "जून."